डिस्कची यादी राहिली

“आधी शोधलंत का?”

आमच्या ग्रुपवर कुणी काहीही विचारलं की पहिलं उत्तर हे यायचं. तुम्ही असल्या एखाद्या ग्रुपवर असाल, तर असा एक गृहस्थ तुमच्याही वाट्याला आला असेल. आमचे भोरचे होते. शिवऱ्याजवळच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला.

ग्रुप खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा. म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असं सॉफ्टवेअर. मी त्यात शिरलो ते तत्त्वासाठी नव्हे. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, आणि चोरून आणलेली सॉफ्टवेअर वापरताना छातीत धडधडायचं. पण वर्षभरात मीसुद्धा जेवताना स्वातंत्र्यावर बोलायला लागलो. बायको म्हणाली, “स्वातंत्र्य राहू द्या, आधी ताट उचला.”

ग्रुपचे नियम एकतीस. सगळे या गृहस्थांनी एकट्यानं लिहिलेले. आभार मानायचे नाहीत. सुप्रभात घालणारा दिवसभर गप्प. नसरापूरच्या एका सभासदाचे वडील गेले, तिघाचौघांनी श्रद्धांजली वाहिली, तर यांनी सगळी पुसून खाली लिहिलं, ‘विषयांतर.’ त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे म्हणालो ते इथं लिहिता येत नाही.

त्यांचा सर्वात लाडका नियम म्हणजे मदत खासगीत करायची नाही. उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं, म्हणजे उद्या दुसरा अडला तर त्याला ते सापडेल. एकदा भोरच्या स्टँडसमोर आम्ही चहा पीत होतो. मी सहज विचारलं, माझा प्रिंटर मराठी अक्षरं तुटकी का छापतो. ते म्हणाले, “ग्रुपवर विचारा.” मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी मी मोबाईलवर टाईप केलं आणि समोर बसलेल्या माणसानं बशीतला चहा फुंकत मला मोबाईलवरून उत्तर दिलं. उत्तर काय? “आधी शोधलंत का?”

असल्या माणसाचं काय करायचं, सांगा.

मग मंगलताईंचं प्रकरण झालं. वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका गावात त्या वाचनालय चालवतात. पुण्याहून कुणीतरी दिलेला एक जुना कॉम्प्युटर तिथं होता. ताईंनी दोन वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून गावातल्या प्रत्येक शेताचं, झऱ्याचं, पायवाटेचं नाव विचारून घेतलं होतं आणि त्यावर टाईप केलं होतं. सांगणाऱ्यांपैकी तिघं आता नव्हती. दुसरी प्रत कुठंच नव्हती. आणि एके सकाळी मशीन सुरू होईना.

ताईंनी स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला. आमच्या गृहस्थांनी तो काढला. ‘फोटो चालणार नाही. मजकूर द्या. सोबत डिस्कची यादी, म्हणजे मशीनमध्ये डिस्क किती आणि कोणत्या.’

ताईंनी लिहिलं, ‘आवो सर, मशीन चालूच व्हईना, तर मजकूर कुठनं देऊ?’

‘नियम वर लावलेले आहेत.’

बाईंनी मग काय केलं असेल? स्क्रीनवरच्या चाळीस ओळी वहीत उतरवल्या आणि एका बोटानं मोबाईलवर टाईप करून पाठवल्या. त्यावर उत्तर आलं, ‘यादी राहिली.’ आणि तोही प्रश्न पुसला गेला.

आमचं डोकं फिरलं. मतदान घेतलं. पुढाकार माझाच होता, हे कबूल करतो. तेव्हा तर मी ते मिरवतही होतो. बहुमत विरुद्ध गेल्यास ॲडमिननं ग्रुप सोडावा, असा नियमही त्यांचाच. त्यांनी पाच मिनिटांत ग्रुप माझ्या नावावर केला, ‘नियम नऊप्रमाणे’ एवढं लिहिलं आणि गेले. आम्ही तासभर एकमेकांना हार-फुलांची चित्रं पाठवत होतो.

आता मी दयाळू ॲडमिन झालो. ताईंना थेट फोन लावला. नव्या लिनक्सचा, म्हणजे आमच्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह वेल्ह्याच्या एसटीनं पाठवून दिला होता, तो लावायला सांगितला. मग म्हणालो, “ताई, काही घाबरू नका. पहिली डिस्क निवडा आणि पुढे, पुढे दाबत जा.”

त्यांनी दाबलं. मशीन झकास सुरू झालं. नावं मात्र त्यावर नव्हती.

त्या मशीनमध्ये डिस्क दोन होत्या. बिघडलेली होती ती दुसरी. नावं पहिलीवर होती, आणि मी ती गोड आवाजात पुसायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी भोरला आमच्या त्या गृहस्थांच्या दारात उभा राहिलो. वाटलं, आता नियम ऐकवतील. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “मशीन आता बंद आहे?”

“आहे.”

“नंतर कुणी चालू केलं?”

“नाही.”

“मग चला.”

नसरापूरला गाडी बदलून आम्ही वेल्ह्याकडे निघालो. माझ्या शेजारची जागा रिकामी असताना ते मागच्या सीटवर जाऊन बसले. तुसडेपणाची ही कलासुद्धा त्यांना अवगत होती.

वाचनालयाच्या दारात ताईंनी विचारलं, “सर, म्या चुकले का वो?”

“तुम्ही नाही,” ते म्हणाले, आणि कॉम्प्युटर उघडायला बसले.

पुसलेल्या जागी नवं लिहिलं गेलं नसेल तेवढं शोधून आणणारा प्रोग्राम त्यांनी लावला. दोन दिवस तो चालला. फायली परत आल्या, पण नावाविना, नुसते आकडे लागून. ताई एकेक उघडायच्या, दोन ओळी वाचायच्या आणि सांगायच्या, ही खालच्या झऱ्याची, ही माळावरची. ते मुकाट्यानं नाव घालायचे. शेवटी एकच राहिली, धोंडूआज्यांनी सांगितलेली वरच्या रानातल्या वाटांची. आजा गेले त्याला वर्ष झालं होतं. त्यांनी शोध पुन्हा लावला. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावायला लागले तेव्हा ताईच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सर. न्हाई घावायची ती.”

परतीच्या गाडीत त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. वर लिहिलं होतं, ‘काय चुकलं.’ खाली अकरा मुद्दे. नऊ माझे होते, एकही खोटा नव्हता. शेवटचे दोन त्यांचे स्वतःचे: यादी मागितली, पण बंद मशीनवर ती कशी काढायची हे सांगितलं नाही; आणि प्रश्न पुसला.

“ग्रुपवर टाका,” ते म्हणाले. “दोघांच्या नावानिशी.”

मी म्हणालो, तुम्हीच परत या आणि टाका. ते काही परत आले नाहीत. पुढं कंपनीनं त्यांची हैदराबादला बदली केली. जाताना त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मला तर नाहीच.

माणूस म्हणून ते मला आजही आवडत नाहीत. तो कागद आठ महिने दुकानात पत्रिकांच्या नमुन्यांखाली पडून होता. परवा दुपारी दार ओढून घेतलं आणि सगळा टाईप करून नावांसकट ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. एकानं लिहिलं, ‘छान माहिती सर, धन्यवाद.’

पाठवल्यावर दिसलं, घाईत सहावा मुद्दा दोनदा पडला होता. कुणीतरी टोकेल म्हणून संध्याकाळपर्यंत मी मोबाईल समोर ठेवून बसलो. कुणी काही बोललं नाही. तो अजूनही तिथं दोनदाच आहे.