पेडगावची विहीर आणि मला झालेला कॅन्सर

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी सकाळी आम्ही पेडगावला विमलताईंच्या शेतातल्या विहिरीवर... आणि माझ्या पोटात एक बातमी, जी मला कुणालाच सांगायची नव्हती.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही परभणीतल्या चार बायका, चाळिशी-पन्नाशीच्या. दर रविवारी स्कूटीवरून पेडगावला पोहायला जातो. विहीर विमलताईंची आणि शिकवणाऱ्याही त्याच. पाठीला रिकामा कॅन बांधून त्यांनी आम्हाला एकेकीला पाण्यात ढकललंय. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आहे 'बेडक्या'!

मी ब्लाउज शिवते. आमच्यातल्या नसीमा, शीतल, अगदी विमलताईंच्या सुनांचे ब्लाउजसुद्धा माझ्याकडेच. फक्त मंदाताई कधी टाकत नाही. ती शाळेत क्लार्क आहे आणि आमच्यातली सगळ्यात धीट, कठड्यावरून थेट सूर मारणारी. "माझा टेलर ठरलेलाय गं," म्हणते. खरं सांगायचं तर मला ते थोडं लागायचं.

तर बातमी... डाव्या स्तनात गाठ लागली होती. बायोप्सी झाली, रिपोर्ट आला, कॅन्सर. स्तन काढावा लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

नवऱ्यासमोर आणि लेकीसमोर मी अगदी खंबीर. बाकी कुणाला कळू दिलं नव्हतं. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की लोक आवाज खाली आणतात... आणि मग तुमच्याशी नाही, तुमच्या आजाराशी बोलायला लागतात.

बेडक्यांनाही सांगणार नव्हते. मनसोक्त पोहून घ्यायचं आणि घरी आल्यावर 'थोडे दिवस जमणार नाही' एवढा मेसेज टाकायचा, असं ठरवून गेले होते.

पण विमलताईंनी पायरीवरच पकडलं. "कामून गप गप हायस गं आज? घरी भांडून आलीस का?"

मी "काही नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं... "ताई, मला कॅन्सर झालाय. छातीचा."

शीतलच्या डोळ्यांत लगेच पाणी. नसीमाने माझा हात धरला. मला वाटलं, झालं... आता हा रविवारही गेला.

मंदाताई आधीच पाण्यात होती. तिथूनच, दगडाला धरून, तिने विचारलं, "कोणती बाजू?"

"डावी."

"माझी उजवी," ती म्हणाली. "सात वर्षं झाली."

आम्हाला काही कळेचना! ती पायऱ्या चढून वर आली, पाणी निथळत. टी-शर्टवर हात ठेवून म्हणाली, "इथे पॅड आहे. म्हणून तर तुझ्याकडे ब्लाउज टाकत नाही, बाई. माप घेताना तुला कळलं असतं ना!" आणि स्वतःच हसायला लागली.

मी येड्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. सात वर्षं! ही बाई सूर मारते, तळाला जाऊन माती घेऊन येते... आणि हिला तेच झालं होतं जे मला झालंय! मी प्रश्नांचा भडिमार केला. हात वर जातो का? केस परत आले का? पाण्यात कधी उतरता आलं?

तिने हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवला. "आधी जात नव्हता. रडत रडत व्यायाम केला. केमोत लय हाल होतात, खोटं न्हाई सांगणार तुला. पण होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" शीतलने विचारलं.

"सासरी सांगून बघितलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं माझं. लागण होईल म्हणे..."

विमलताई उखडल्याच. "दोघी बी येड्या हायत! एकीनं सात वर्सं लपवलं, दुसरी न सांगता पळून जायलती. आता रडायचं का पोहायचं, ते सांगा!"

मी आजवर पायऱ्यांवरूनच पाण्यात उतरायचे. वरून उडी मारायची हिंमत कधीच झाली नव्हती. त्या दिवशी मंदाताईचा हात धरून कठड्यावर चढले, गुडघे पोटाशी घेतले आणि धप्पकन मुटका मारला! नाकात पाणी, कानात पाणी... वर आले ती आनंदाने किंचाळतच. मग लगेच परत चढले. नंतर किती उड्या मारल्या, आठवत नाही!

आता ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे, उन्हाळ्यापर्यंत संपेल. केस गेलेत, तोंडाची चव गेलीय. केमोसाठी संभाजीनगरला जाताना प्रत्येक वेळी बेडक्यांपैकी कुणीतरी सोबत असतेच. पुढचं सगळं डॉक्टर बघतील आणि मी निभावेन.

आणि मंदाताई... तिला विचारूनच हे लिहितेय. ती आता पॅड काढून पायरीवर ठेवते, टॉवेलखाली वगैरे नाही, अगदी उघड्यावर... आणि मग सूर मारते. तिचा व्हिडिओ आला तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या!

मैत्रिणींनो, छातीत हाताला गाठ लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि अशी बातमी एकटीने सांभाळत बसू नका. माझ्या बेडक्यांनो, तुमच्यामुळे मी सध्या पेशंट कमी आणि उन्हाळ्याची वाट बघणारी बाई जास्त आहे!