रोझी आंटीने आमचा कॉम्प्युटर उघडला तो दिवस

आज सकाळी रोझी आंटी गेली.
बातमी ऐकली आणि सगळ्यात आधी आठवलं ते मी बोललेलं खोटं.

२००४ साल असेल. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत आचऱ्याला घरी आलेले.

घरात एक असेम्बल केलेला पीसी. त्यात दादाचा एम.एस्सी.चा थिसिस. वर्षभर ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून त्याने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मोजल्या होत्या. मूळ वह्या कधीच भिजून गेल्या होत्या. कॉपी कुठेच नाही.

आणि मी एका मासिकात ओव्हरक्लॉकिंगबद्दल वाचलं होतं. प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जोरात पळवायचं. सेटिंगमध्ये गेले, एक आकडा वाढवला, सेव्ह केलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळीच.

तासभर धडपडले. रॅम काढून परत बसवली. काही नाही.

दादा आल्यावर सांगितलं, लाईट गेली होती, तेव्हापासून बंद आहे.

तो ओरडला नाही. ओटीवर जाऊन बसला तो जेवायलाही उठेना. सावंतवाडीच्या एका दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं, हार्डडिस्क उडाली असणार.

आई म्हणाली, रोझीला बोलाव.

तिठ्यावर तिच्या नवऱ्याचं रिपेअरिंगचं दुकान होतं. तो गेल्यावर तिने ते बंद केलं नाही, स्वतः शिकली. रेडिओ, मिक्सर, ट्रॉलरवरचे वायरलेस सेट. शाळा सातवीपर्यंत.

ती पिशवीत मीटर आणि भिंग घेऊन आली. कॅबिनेट उघडून बराच वेळ नुसती बघत राहिली.

"माका काँप्युटर कळणा नाय," ती म्हणाली. "करंट कळता."

मीटर लावला. सप्लाय व्यवस्थित होता. मग माझ्याकडे वळली.

"बंद पडूच्या आधी तू काय केलंस?"

मी बोर्डचं मॅन्युअल चाळायला लागले.

"खरां सांग गो. नायतर मी भलत्याच जाग्यार शोधीत रवतलंय."

मी सगळं सांगितलं. मान वर केली तर दादा दारात उभा.

आंटी रागावली नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला: मी वाढवलेला आकडा मशीन बंद असताना कुठे राहतो?

दोन वर्षं इंजिनिअरिंग शिकत होते आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"लाईट नसली तरी तो आकडो रवता. म्हणजे हेच्यात खंयतरी सेल आसतलो."

भिंग घेऊन तिने बोर्डवर शोधलं आणि सापडला. बटणाएवढा सेल. मॅन्युअल मी वाचून दाखवलं, त्यातही तेच होतं. सेल काढला की सेटिंग पुसलं जातं, सगळं मूळ पदावर येतं.

कॉम्प्युटर आयुष्यात पहिल्यांदा उघडणाऱ्या बाईने हे नुसत्या विचाराने शोधलं होतं.

प्लग काढला, सेल काढला, थोडं थांबलो, परत बसवला.

तरीही स्क्रीन काळी. मी रडायला लागले.

तिने शांतपणे विचारलं, अजून कशाला हात लावला होतास? मी रॅम दाखवली. ती एका बाजूने नीट बसलीच नव्हती, आणि खाऱ्या हवेने तिची कड काळपटली होती. होड्यांच्या सेटमध्ये हे रोज बघते, म्हणाली. खोडरबर मागितला, कड घासली, दोन्ही अंगठ्यांनी रॅम दाबून बसवली.

एक बीप.

स्क्रीनवर अक्षरं आली. दादाने फोल्डर उघडला. सगळं जिथल्या तिथे होतं.

स्क्रीनकडे आंटीचं लक्षच नव्हतं. उघड्या कॅबिनेटवर वाकून एकेका भागावर बोट ठेवत ती मला विचारत होती, हे काय करतं, ते काय करतं. निम्म्याची उत्तरं मला आली नाहीत. त्या सुट्टीत मी पहिल्यांदा पुस्तकं मनापासून वाचली, तिला सांगता यावं म्हणून.

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कोऱ्या सीडी घेऊन आला, म्हणाला, आता तूच कॉपी काढ.

थिसिसच्या आभारांच्या पानावर गाईडनंतर लगेच तिचं नाव आहे. ते मी तिला दुकानात जाऊन वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला, बोट ठेवून आपलं नाव स्वतः वाचलं.

पुढच्या वर्षी दुकानाच्या पाटीवर एक शब्द वाढला होता: कॉम्प्युटर.

उद्या मातीला दादा आणि मी येतोय.

रोझी आंटी, तुमच्या घरच्या कोंकणीत आभार मानते.
देव बरें करूं.