ओ रांग

मैदानाच्या पूर्व फाटकाला लागून तिकिटांच्या पाच खिडक्या होत्या. चौथ्या खिडकीमागे एक बाई एकतीस वर्षं बसली. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तोंडी कोणाच्याच नव्हतं. झाडूवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला खिडकीताई म्हणत.

खिडकीला जाड काच आणि काचेच्या तळाशी अर्धचंद्रासारखं भोक. बांधणाऱ्याने माप चुकवलं होतं. भोक आलं होतं कमरेच्या उंचीवर. बोलायचं तर वाकायलाच हवं. कारखान्याचा मालक वाकायचा, त्याचा ड्रायव्हरही वाकायचा. "आमच्या खिडकीला देवळाचा मान आहे, मान खाली घातल्याशिवाय प्रसाद नाही," असं खिडकीताई म्हणे.

आणि प्रसादही नीट देई. तिकीट पट्टी धरून फाडायचं, कोपरा तिरका गेलेला तिला खपत नसे. माणूस बुटका दिसला की म्हणायची, "ए रांग घेऊ नका, पुढे कठडा येतो." खांबामागच्या जागा ती अर्ध्या दरात विकायची, वर लाल शिक्का मारून: खांब. न दिसणाऱ्या जागेचे पूर्ण पैसे घेणं म्हणजे तिच्या मते खिसा कापणं, फक्त पावती देऊन.

मग फुटबॉलच्या एका मोसमात तिकिटविक्री एका बाहेरच्या कंपनीकडे गेली. सगळं फोनवर. चार खिडक्यांना फळ्या ठोकल्या. चौथी तेवढी ठेवली, तिच्यावर पाटी लावली: सहाय्य केंद्र. खिडकीताईच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते; तिला काढण्यापेक्षा बसवून ठेवणं सोपं पडलं असावं.

कंपनीचा व्यवस्थापक उंच, गुळगुळीत आणि सतत घाईत असलेला गृहस्थ होता. दर दोन वाक्यांमागे "सुविधा" म्हणायचा, म्हणून आठवड्यात त्याचं नाव सुविधासाहेब पडलं. दोनशेचं तिकीट त्याने सहाशेला केलं. त्यावर सुविधा शुल्क. आपली जागा आपण निवडली तर निवड शुल्क. आणि तिकीट आपल्या घरी, आपल्या कागदावर, आपल्या शाईने छापलं तर छपाई शुल्क.

"कागद त्यांचा, शाई त्यांची, मग शुल्क कसलं?" खिडकीताईने विचारलं.

"परवानगीचं," सुविधासाहेब हसून म्हणाला. मग तिच्या टेबलावरची पट्टी, शिक्के, शिक्क्यांची गादी बोटाने बाजूला सारत म्हणाला, "ताई, ही सगळी गाढवमेहनत आता संपली. आराम करा."

गाढवमेहनत. एकतीस वर्षांना एक शब्द. तो तिने गिळला, पण पचवला नाही.

सुविधासाहेब खिडकीशी कधी येत नसे. मागच्या दाराने आत येऊन टेबलाच्या कडेला टेकायचा आणि तिच्या डोक्यावरून बोलायचा. खिडकीताईने मनाशी एकच गोष्ट ठरवली. हा माणूस एकदा, फक्त एकदा, समोरून येऊन या भोकाशी वाकला पाहिजे. त्याशिवाय निवृत्तीचा नारळ हातात घ्यायचा नाही.

संधी त्यानेच दिली. अंतिम सामन्याची विक्री सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्याने बैठक बोलावली आणि भिंतीवर प्रेक्षकांच्या जागांचा नवा नकाशा दाखवला. पूर्वेचा वरचा मजला फक्त अंतिम सामन्याला उघडतो. बाकी वर्षभर तिथे कबुतरं असतात. खिडकीताईने नकाशावरून नजर फिरवली. एल, एम, एन, ओ, पी.

ती दचकली. त्या मजल्यावर ओ रांग नाही. कधीच नव्हती. एनमागे थेट पी. ओ आणि शून्य सारखे दिसतात. ओ सात म्हणजे शून्य सात की नुसतं सात, यावरून जुन्या मैदानात मारामाऱ्या झाल्या होत्या, म्हणून इथे रांगांना अक्षरं देतानाच ओ गाळला होता. तिच्या पहिल्या दिवशी जुन्या हेडक्लार्कने तिला हेच पहिलं शिकवलं होतं: "पोरी, लक्षात ठेव, शून्यावर माणूस बसत नाही." या साहेबाने पायऱ्या चढून पाहण्याची गाढवमेहनत केली नव्हती. संगणकाला ए ते झेड सांगून मोकळा झाला होता.

ती उभी राहिली. भर बैठकीत बोट नकाशाकडे करून म्हणाली, "ओ, साहेब, ओ..."

"ओ?" साहेबाचा चेहरा लाल झाला. "ओ काय? ही काय हाक मारायची रीत? भाजीबाजार आहे का हा?"

"तसं नव्हे, मी म्हणतेय ओ..."

"पुन्हा तेच! खाली बसा."

सगळे हसले. फाटकावरचे काका तेवढे हसले नाहीत. संध्याकाळच्या आत तिच्या टेबलावर लेखी ताकीद आली. कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांशी बोलताना 'ओ' हा शब्द यापुढे उच्चारू नये. तसेच जागांविषयी कोणतीही सूचना, शंका अथवा तक्रार असल्यास स्वतःचे डोके न चालवता ग्राहकास थेट व्यवस्थापकांकडे पाठवावे. खाली सही, त्याखाली शिक्का.

खिडकीताईने ती दोनदा वाचली. मग टेबलावरच्या काचेखाली सरकवली, अगदी मधोमध, पट्टी लावून सरळ केली. फाटककाका म्हणाले, "ताई, उत्तर द्या चांगलं सणसणीत."

"देणार ना. पण साहेबांनी शब्द बंद केलाय. तो उच्चारल्याशिवाय उत्तर कसं देता येईल, ते बघतेय."

तिकिटं निघाली आणि अकरा मिनिटांत संपली. त्या दुपारी तिच्या थोरल्या भावाचा फोन आला. दादा रंगारी होता, आयुष्यभर शिडीवर उभा राहून गुडघे गेलेले. दर अंतिम सामन्याला तो तिच्या खिडकीशी वाकून, पैसे मोजून तिकीट घ्यायचा. बहीण आत आहे म्हणून फुकट मागितलं नाही कधी. या वर्षी त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून काढलं होतं.

"मिळालं गं! तीन सामन्यांचे पैसे एकात गेले. वर ती सुविधा बिविधा वेगळी. तुझी वहिनी बोलत नाहीये माझ्याशी. पण जागा बघ, वर, मधोमध! तिथला आवाज अंगावर येतो ना, तो ऐकायचाय एकदा. पुढच्या वर्षी हे जिने माझ्याच्याने व्हायचे नाहीत."

"कुठली रांग, दादा?"

"ओ. ओ एकवीस."

खिडकीताईची नजर काचेखालच्या ताकिदीवर गेली.

"ऐकतेस ना? हॅलो?"

"ऐकतेय. छान झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर सात आठवडे तिला जेवण गोड लागलं नाही. दादाला सांगावं, तर तो दुसऱ्याच मिनिटाला कंपनीला फोन करून शंख करणार. साहेब गुपचूप नकाशा सुधारणार, त्या रांगेच्या बेचाळीस माणसांना पैसे परत, शुल्क मात्र नाही, आणि दादाचा सामनाही जाणार. असं तिने स्वतःला समजावलं. पण ती स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला पक्कं ठाऊक होतं, गप्प बसण्याचं कारण दादा नाही. कारण ते भोक आहे. एकदा रविवारी दादाकडे गेली तेव्हा तो कपाटातून छापलेलं तिकीट काढून दाखवत होता. शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. तिला गाढवमेहनत आठवली आणि तिने चहाचा घोट घेतला.

सामन्याच्या दिवशी ती दोन तास आधी आली. मागचं दार आतून लावलं. सामन्याच्या दिवशी मागचं दार बंद, हा तिचा जुना नियम. शिक्के ओळीत मांडले आणि बसली.

दुपारी पहिला माणूस भोकाशी वाकला. "बाई, वर एन आहे, पी आहे. आमची ओ कुठाय?"

"साहेबांना विचारा. डाव्या हाताला, काचेची केबिन. जागांबद्दल तेच बोलतात."

दुसरा आला. तिसरी एक बाई, नवऱ्याला हाताला धरून. मग पाच जण एकदम. खिडकीताईने प्रत्येकाला तितक्याच गोडीने, शब्दाला शब्द लावून तेच सांगितलं. आठव्या की नवव्या वेळी समोर दादा वाकला. घामाने भिजलेला, धापा टाकत.

"अगं, चार जिने चढलो! रांगच नाही!"

"साहेबांना विचार, दादा."

"तू सांग की! तुला नाही माहीत?"

"डाव्या हाताला, काचेची केबिन. आणि जोरात विचार."

जोरात विचारणं हे दादाला शिकवावं लागत नसे; तीस वर्षं शिडीवरून खालच्या माणसाशी बोललेला तो. थोड्याच वेळात केबिनमधून आरडाओरडा इथपर्यंत ऐकू यायला लागला. "सुविधा घेतलीत ना? मग द्या सुविधा!" हा दादाचा. "बसायला निदान मांडी तरी द्या तुमची!" हा कोणाचा तरी.

मग मागचं दार वाजलं. "ताई! दार उघडा!"

ती जागची हलली नाही. दार आणखी वाजलं, मग थांबलं. मिनिटभराने सुविधासाहेब पुढून आला, टाय खांद्यावर गेलेला, आणि भोकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बाजूला सारू लागला.

"रांगेत या, साहेब," आतून आवाज आला.

"अहो, मी..."

"रांगेत."

पुढे सहा माणसं होती. एकानेही जागा दिली नाही. साहेब सहाव्याच्या मागे उभा राहिला. फाटककाका फाटक सोडून हे बघायला आले होते. ते गालातल्या गालात हसत म्हणाले, "अडला हरी..."

"पुढचं म्हणू नका, काका," खिडकीताई आतून म्हणाली. "पुढचं मी आहे."

शेवटी साहेबाची पाळी आली. तो उभ्यानेच काचेतून बोलू लागला. तिने कानाला हात लावला: ऐकू येत नाही. त्याने आवाज चढवला. तिने बोटाने भोक दाखवलं.

सुविधासाहेब वाकला. नाक भोकाशी, हात गुडघ्यांवर. खिडकीताईने घाई केली नाही. त्याच्या टाळूवर विरळ झालेले केस तिने पहिल्यांदाच पाहिले, नीट पाहिले, आणि मग म्हणाली, "बोला. काय सुविधा हवी?"

"बेचाळीस माणसं आहेत. मैदान भरलंय. कुठे बसवू?"

"तिकिटाच्या पाठीवर कलम आठ. जुन्या तिकिटावरून तुम्हीच उतरवून घेतलंय. जागा नसेल तर त्याच किंवा वरच्या दर्जाची द्यायची. पाहुण्यांच्या काचेच्या खोलीत पन्नास खुर्च्या आहेत."

"तिथे आमचे संचालक येताहेत! सहकुटुंब!"

"मग त्यांना तिकडे पाठवा," ती म्हणाली, "त्या रांगेत."

त्याचा चेहरा काचेला टेकला. "तुम्हाला ठाऊक होतं. सांगितलं का नाहीत?"

तिने टेबलावरची काच उचलली, ताकीद बाहेर काढली आणि भोकातून सरकवली. "सांगायला उठले होते. पहिल्याच अक्षराला तुम्ही खाली बसवलंत. नंतर अक्षरच बंद झालं. साहेब, कंबर दुखत असेल तर सरळ उभे राहा. मागे रांग आहे."

बेचाळीस माणसं गालिच्यावरून चालत काचेच्या खोलीत गेली. संचालक सहकुटुंब जिन्याच्या पायरीवर बसले, तेही मध्यंतरापर्यंतच. सामना संपल्यावर दादा खिडकीशी आला. त्याच्या हातात रुमालात बांधलेले काजू होते आणि चेहरा पडलेला होता.

"फाटककाका सांगत होते, तुला आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

"सात आठवडे?"

"हो."

तो भोकाशी आणखी वाकला. "खुर्ची मऊ होती. पण काच गं. गोल झाला, सत्तर हजार माणसं उठली, आणि मला काही ऐकूच आलं नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं." त्याने काजूची पुरचुंडी आत सरकवली. "तुझ्या साहेबाने दिलेत. तू खा."

तो लंगडत गेला. तिने हाक मारली नाही. काजूही खाल्ले नाहीत. पण ती दुपार बदलून हवी का असं तिला कोणी विचारलं असतं, तर ती नाही म्हणाली असती. आणि हे दादालाही माहीत होतं, म्हणूनच तो महिनाभर आला नाही.

दुसऱ्या दिवशी लांबलचक व्हरांड्यात सुविधासाहेबाने तिला मागून हाक मारली. "खिडकीताई!" मग जरा नरम आवाजात, "ताई, जुना नकाशा तुमच्याकडे आहे का?" मग तिसऱ्यांदा, जवळजवळ विनवणीने, "अहो ताई!"

ती चालत राहिली. तिने ओ दिली नाही. लेखी मनाई होती.