सासूबाईंना लावलेला ब्रेक

माझ्या सासूबाईंना गावातली निम्मी माणसं 'क्लचबाई' म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवताहेत. शिकणारा स्टिअरिंगवर, त्या शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक. पोटचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मात्र तिसऱ्या वळणालाच पिशवी मागतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

सहा वर्षं मी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून फॉर्म भरले, फोटो चिकटवले, फोन घेतले. गाडी मला येत होती; हवी होती ती शेजारची सीट. मागायचा धीर होत नव्हता. यंदा सासूबाईंचा गुडघा गेला. दिवसभर ब्रेकशी पाय अवघडून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि पलीकडच्या गल्लीतला स्कूलवाला आमची गाडी नि पाटी घ्यायला टपूनच बसला होता. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. शनिवारी भांडी घासता घासता मी एकदाचं बोलून टाकलं, "आई, विकू नका. मी शिकवते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्या सकाळी सात. चप्पल नको, बूट घाल."

बाकीचे स्कूलवाले शेवटचा धडा हायवेवर घेतात. सासूबाई डोंगरातल्या जुन्या रस्त्याने नेतात. "हायवेवर गाडी चालते, माणूस नुसता बसलेला असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फाट्यावर आम्ही हायवे सोडला आणि माझा जीव नुसता उड्या मारायला लागला. गाडी त्या चालवत होत्या, नवशिक्या बनून. शेजारी मी!

"तीन संधी," त्या म्हणाल्या. "उगाच ब्रेक दाबलास की एक गेली. तिन्ही गेल्या की सोमवारी सह्या."

पहिल्याच वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला आणि माझा पाय आपोआप खाली गेला. गाडीने गचका खाल्ला. "त्याला जागा होती, मलाही होती. एक." पुढे कडेने चाललेल्या शेळ्या बघून पुन्हा तेच. "शेळ्यांना तुझ्यापेक्षा अक्कल आहे. दोन. अगं, पाय ब्रेकवर नको, ब्रेकजवळ ठेव. आणि कान इंजिनावर."

मी कान इंजिनावर ठेवला. गाडी चढत राहिली. कातळावर पिवळी फुलं, खिडकीतून आत येणारा गार वारा, आणि खाली दूरवर हायवे, त्यावर काड्यापेटीएवढे ट्रक रांगेत अडकलेले. आणि आम्ही मोकळ्या! मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. नवऱ्याला सांगू नका.

माथा ओलांडला, उतार लागला. सासूबाई गुणगुणायला लागल्या. आणि इंजिनाचा आवाज एकदम पडला.

गाडी न्यूट्रलमध्ये! पेट्रोल वाचवायला नवशिके उतारावर हमखास हा शहाणपणा करतात. गाडीने वेग घेतला. पुढे वळण, वळणावर पांढरे दगड, दगडांच्या पलीकडे काहीच नाही.

"आई, गिअर."

त्या गुणगुणतच होत्या.

"आई, गिअर टाका!"

दोन संधी गेलेल्या. तिसरीही गेली तर सगळंच संपलं. गेली तर गेली सीट! मी ब्रेक दाबला. या वेळी गचका नाही, हळूहळू दाबत नेला. पांढऱ्या दगडांच्या बरंच अलीकडे गाडी थांबली.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी किंचाळले. मग आपण कुणाशी बोलतोय ते लक्षात आलं आणि जीभ चावली.

सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आधी सांगितलंस, मग दाबलास, मग ओरडलीस. हाच क्रम. मला तो जमायला चार वर्षं लागली."

"पण तिसरी संधी?"

"ही उगाच होती का? सीटच्या लोभाने गप्प बसली असतीस, तर उद्या सह्या केल्या असत्या."

"आणि आपण खाली गेलो असतो तर?"

"माझ्याकडेही एक ब्रेक होता की गं, बाई."

मी त्यांना सीटबेल्टसकट मिठी मारली. आमच्या घरात सुना असं करत नाहीत. मी केलं.

पुढे स्टिअरिंगवर मी. सासूबाई शेजारी बसतील असं वाटलं, तर त्यांनी मागचं दार उघडलं. "तिथे नको. तिथे बसले की पाय शिवशिवतो." दुखरा पाय त्यांनी सीटवर लांब केला आणि काच खाली घेतली.

पाचेक मिनिटांनी मागून आरोळी आली, "अगं थांब, थांब! हा धबधबा इथे कधी आला?"

"आई, तो पहिल्यापासून आहे."

"असेल बाई." बराच वेळ त्या बाहेर बघत राहिल्या. "अठ्ठावीस वर्षं या रस्त्यावर मी फक्त लोकांचे पाय बघितले गं."

मी गाडी सुरू केली.

"हळू घे," त्या म्हणाल्या. "अजून खूप बघायचंय."

मी गिअर खाली घेतला.