कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर चालता चालता मरायचा. हळूहळू नाही, एकदम. पडद्यावर माझी गाडी वळणावर आलेली असायची, मागे दोन गाड्या चिकटलेल्या, आणि पडदा काळा. मग खोलीत शांतता, आणि त्या शांततेत मी त्याला दिलेली शिवी.

मी तेव्हा नेरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गाड्यांच्या शर्यती खेळायला मुलीला कॉम्प्युटर कशाला पाहिजे, हा प्रश्न आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना पडला होता. बाबांना मी अभ्यासासाठी पाहिजे असं सांगितलं होतं. बाबा स्वतः शाळेत मास्तर, त्यामुळे त्यांना ते अजिबात खरं वाटलं नाही, तरी हो म्हणाले.

तयार कॉम्प्युटरवर माझा गेम चालला नसता. एकेक भाग निवडून जोडायचा होता, आणि गावात ते येत होतं फक्त चाचांना. चाचा आमच्या नात्यातले नव्हते. अख्खं नेर त्यांना चाचाच म्हणायचं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं त्यांचं दुकान काळाबरोबर चालत आलं होतं. मदरबोर्ड त्यांनी अमरावतीहून एसटीत मांडीवर ठेवून आणला. दोन दुपारी आम्ही जोडत बसलो. प्रोसेसर त्यांनी मला बसवायला दिला. म्हणाले, "बसते का पाह्य. नाई बसला तर दाबू नको, तुह्यंच काहीतरी चुकून राह्यलं असन."

चाचांची एक पद्धत होती. दुकानात कोणतंही मशीन आलं की ते आधी बाहेरच्या ओट्यावर ठेवायचे, बाजूचं झाकण काढायचं आणि ब्लोअरने चांगली हवा मारायची. आत काय आहे हे न पाहताच. धूळ नाल्याकडे उडून गेली की मगच मशीन आत. मी एकदा विचारलं, कशाला एवढं? तर म्हणाले, "पाहुणा आला तर आधी पाय धुवाले पाणी देतो का नाई आपण? तसंच हे."

पोळ्याच्या सुमाराला कॉम्प्युटर घरी आला. दिवाळीपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मी गल्लीत नाक वर करून चालत होते.

दिवाळीनंतर तो मरायला लागला. पहिल्यांदा वाटलं, लाइट गेली. त्या वर्षांत लाइट जाण्यालाच वेळापत्रक होतं, येण्याला नव्हतं. पण पंखा फिरत होता, आईचा मिक्सर चालू होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वीस मिनिटं खेळलं की बंद, आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. मी रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं. विंडोज पुसून पुन्हा टाकलं, दोनदा. पंखा आणि त्याखालची जाळी एकत्रच उचलून प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. काही फरक नाही.

मशीन रिक्षात टाकून चाचांकडे नेलं. त्यांनी ओट्यावर हवा मारली, आत घेतलं, माझाच गेम लावला. दुपारभर चालला. त्यांच्याकडे पंखे दुरुस्तीला घेऊन आलेली माणसं माझ्या गाड्या पाहत उभी राहिली. एकदाही बंद पडला नाही.

घरी आणला. चार-पाच दिवस बरा. मग पुन्हा काळा.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा चाचा म्हणाले, "पोरी, मशीनमंदी काही नाई. तुमच्या घरातच काहीतरी गडबड हाय."

हे मला झोंबलं. बाबांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, खोट वायरिंगमध्ये असेल. त्यांनी वायरमन बोलावला. त्याने अंगणात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा भरून नवीन अर्थिंग केलं, प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला, चहा प्यायला. वायरिंग चांगलं निघालं. कॉम्प्युटर त्याच आठवड्यात बंद पडला.

मग माझं डोकं फिरलं. घरात खोट नाही, तर खोट मशीनमध्ये, आणि मशीन कोणी दिलं? मी मागचं झाकण काढून पॉवर सप्लाय पाहिला. त्याच्या स्क्रूंवर जुने ओरखडे होते. मला तेवढं पुरलं. मी मशीन घेऊन दुकानात गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "चाचा, तुम्ही जुना सप्लाय लावून दिला न मले?"

चाचांनी हातातली सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवली. "म्या तो इथं टेबलावर लावून पाह्यला होता, तुले देण्याच्या आंधी. त्याचे वळ हायेत ते."

"मंग काहून बंद पडते?"

"ते मले मालूम असतं तर मी तुले सांगितलं नसतं का?"

मी मशीन उचललं आणि घरी आले. जेवताना बाबांना सगळं सांगितलं. सांगताना मी 'मला वाटतं' हे शब्द गाळले. ते मला आजही आठवतं, कारण ते मी मुद्दाम गाळले होते.

बाबांच्या शाळेत त्या वर्षी कॉम्प्युटरची खोली सुरू होणार होती. दहा मशीनं बसवायची आणि वर्षभर सांभाळायची, हे काम चाचांना द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बाबांनीच नाव सुचवलं होतं. त्या आठवड्यात बाबांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, की हा माणूस नव्याच्या नावानं जुना माल लावतो. काम यवतमाळच्या कोणाला तरी गेलं. हे मला कळलं तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. चांगली जिरली, असं वाटलं.

चार दिवसांनी चाचा आमच्या दारात उभे. याआधी ते आमच्या घरी कधी आले नव्हते. हातात फक्त स्क्रू ड्रायव्हर. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, ते उठले नाहीत. चाचा मला म्हणाले, "मशीन कुठी ठेवते ते दाखव. उचलू नको, हाय तिथंच दाखव."

मी त्यांना समोरच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. चाचा उंबऱ्यातच थांबले.

खोलीत कापूस होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीच्या वरपर्यंत. आमचं पाच एकर होतं, आणि त्या वर्षीही भाव पडलेला होता. बाबांचा पगार होता म्हणून आम्ही भाव वाढायची वाट पाहू शकत होतो. ज्यांना वाट पाहता येत नव्हती त्यांनी केव्हाच विकला होता. दर वर्षी दिवाळीनंतर कापूस घरात यायचा आणि समोरची खोली त्याची व्हायची. घरात सगळे अंग खाजवत फिरायचे. आई म्हणायची, लक्ष्मीची खाज आहे, बोलू नये. कापसामुळे खुर्ची ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून मी टेबल ढिगाला लावलं होतं, कॉम्प्युटरचा डबा खाली फरशीवर, आणि मी स्वतः ढिगावर बसून खेळायची. वळण आलं की मी पण वळायची. इतकं मऊ आसन मला नंतर कुठल्याही ऑफिसात मिळालं नाही.

"तू यावर बसून खेळते?" चाचांनी विचारलं.

"हो."

"बाप्पा!" चाचा म्हणाले, आणि खाली बसले.

त्यांनी झाकण काढलं. ब्लोअर त्यांनी आणलाच नव्हता. आतला मोठा पंखा सोडवून त्यांनी खालची, प्रोसेसर थंड ठेवणारी जाळी मला दाखवली. तिच्या पात्यांवर पांढरा थर बसला होता, लोकरीच्या कापडासारखा घट्ट. त्यांनी तो नखाने सोलला, तर अख्खा निघाला. ग्राफिक कार्डवरून तसाच दुसरा निघाला. हवा जायला कुठे जागाच नव्हती. मशीन तापत होतं आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होत होतं. चाचांच्या ओट्यावर दर वेळी हाच कापूस नाल्याकडे उडाला होता, आणि दुकानात पोचेपर्यंत मशीन निर्दोष झालं होतं.

आई दारात येऊन पाहत होती. ती म्हणाली, "काखेत कळसा आन् गावाले वळसा. वायरमनच्या बुडाखालीबी कापूसच होता न वं." ती हसली. चाचाही थोडे हसले. मला हसू आलं नाही. वायरमन, बाबा, आई, मी, आम्ही सगळे त्या कापसावरून रोज जा-ये करत होतो. घरात कापूस असणं म्हणजे भिंतीला चुना असणं. त्याच्याकडे कोण पाहतं?

चाचांनी पंखा परत बसवला. डबा फरशीवरून उचलून टेबलावर ठेवला. कापूस जाईपर्यंत इथंच राहू दे म्हणाले. मग स्क्रू घट्ट करता करता, माझ्याकडे न पाहता बोलले, "शाळेचं काम गेलं आपलं. मास्तर बोलले म्हणते तिथं. खराब कोणाचंबी होते, त्याचं काही नाई. पण जुना माल लावते, हे नाव लागलं तर आमच्या धंद्यात दुसरं काही राह्यत नाई. तू बाबाले एवढं सांगजो, का हेडमास्तर साहेबाले सांगा, मशीन चांगलं होतं."

"सांगतो," मी म्हणाले. आमच्याकडे मुलीही 'सांगतो'च म्हणतात.

बाबा आतून सगळं ऐकत होते. पेपरचं पान उलटल्याचा आवाज तेवढ्या वेळात एकदाही आला नाही.

चाचा गेल्यावर मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हणाले, माझं चुकलं, तुम्ही शाळेत सांगा. बाबांनी मनगट खाजवलं. मग म्हणाले, "काय म्हणून सांगू? माही पोरगी कापसावर बसून गेम खेळते आन् मी तिचं ऐकून चांगल्या माणसाचं काम घालवलं, असं सांगू?" मी म्हणाले, हो, तसंच. ते म्हणाले, "पाहू."

त्या आठवड्यात मी रोज विचारलं. रोज "पाहू". मग मी विचारणं बंद केलं. मुख्याध्यापकांचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर होतं. मीही जाऊ शकत होते. गेले नाही. कॉम्प्युटर मात्र एकदाही बंद पडला नाही, आणि मला खेळावंसं वाटत नव्हतं.

होळीच्या आधी कापूस विकला, वाट पाहायला सुरुवात केली तेव्हा होता त्याहूनही कमी भावात. खोली झाडून घेतली, डबा परत खाली आला. त्यानंतर एकदा बसस्टँडवर जाताना चाचांनी दुकानातून हाक मारली. ओट्यावर कोणाचं तरी मशीन उघडं होतं, हातात ब्लोअर होता. या वेळी ते हवा मारायच्या आधी वाकून आत पाहत होते.

"चालते न आता?"

"चालते, चाचा."

"मास्तरांनी सांगितलं न साहेबाले?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फक्त विचारत होते. शंका अशी नव्हती. मी म्हणाले, "हो, सांगितलं."

चाचांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, "मंग झालं. काम काय, पुढच्या सालीबी येईन. मास्तरांले माहा सलाम सांगजो."

घरी आल्यावर मी बाबांना चाचांचा सलाम सांगितला. बाबा जेवत होते. त्यांनी मान हलवली आणि आईकडे मीठ मागितलं.