दोन वर्षांची जिम्मेदारी

आमच्या डॉक्टरीणबाई माणसाच्या तोंडावर खरं बोलायच्या, आणि ते ऐकून त्याचं काय होतं हे बघायला थांबायच्या नाहीत. तोवर पुढच्या रोग्याला हाक गेलेली असायची. सहाव्या बाळंतपणाला बायकोला घेऊन आलेल्या एका तालेवार शेतकऱ्याला त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "बैलालासुद्धा उन्हाळ्यात दोन महिने मोकळं सोडता तुम्ही." तो बाकावर बसून नुसता टोपी हातात फिरवत राहिला. पोट दुखतं म्हणून दर आठवड्याला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना त्यांनी सांगून टाकलं की पोट ठणठणीत आहे, घरी कोणी विचारत नाही ते दुखतंय. गुरुजी पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाहीत. पण दर पोळ्याला त्यांच्याकडून बाईंना पुरणपोळी यायची.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अल्लीपुरात बाईंचा दवाखाना होता आणि मी त्यांचा कंपाउंडर होतो. बाई मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीला आलेल्या, लग्न न केलेल्या. माझ्या वडिलांना त्यांनी सरळ सांगितलं होतं, "पुढची पेरणी तुमच्या हातून होणार नाही. शेताचे कागद करून ठेवा." आईनं आठ दिवस त्यांना शिव्या घातल्या. वडील मृगाच्या आधीच गेले, आणि शेत भावकीच्या घशात जाता जाता वाचलं ते त्या कागदांमुळे. तेरावं झाल्यावर आईच मला दवाखान्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "बाई, याले ठेवून घ्या. तुमच्याजवळ काई शिकन."

स्वतःबद्दल मात्र बाई खरं बोलायच्या नाहीत. एका हिवाळ्यात त्यांनी मोटार विकत घेतली. नागपूरच्या एका मालगुजार घराण्यानं वीस-बावीस वर्षं वापरलेली ती परदेशी बनावटीची शर्यतीची गाडी होती. लाल रंगाची, दोन सीटची, टप मागे पडणारी, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. गावानं तिचं नाव बेडकी ठेवलं. काळ्या मातीच्या गाडवाटेवर ही कशी चालणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, बाळंतीण थांबत नाही, वेळेत पोचावं लागतं. पण पुढे एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं. कॉलेजात असताना हीच गाडी त्यांनी रस्त्यानं जाताना पाहिली होती आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या होत्या.

गाडी आली तशी कुरकुरायला लागली. असल्या गाडीला हात लावणारा माणूस आमच्या भागात एकच, जामच्या चौफुलीवरचा नथ्थू मिस्त्री. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले त्याच्या नावानं थांबायचे. त्यानं गाडीखाली सरकून अर्धा तास तपासणी केली आणि बाहेर येऊन आपला बेत सांगितला. हिचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत, ते त्याला घडवावे लागणार. दर वेळी नवा हिशेब नको. बाईंनी एकरकमी पैसे द्यावेत, मग दोन वर्षं गाडीत काहीही मोडलं तरी तो एक पैसा न घेता दुरुस्त करील. "दोन सालची जिम्मेदारी माही," तो म्हणाला. "स्टँपावर लिहून देतो."

गाडी घेताना बाईंनी केला नव्हता एवढा विचार त्यांनी या जिम्मेदारीचा केला. पुरे आठ दिवस. एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, मिस्त्रीचा शब्द पक्का आहे, घेऊन टाका. हेडमास्तर म्हणाले, न झालेल्या रोगाचं औषध आधीच कशाला घ्यायचं? बाईंनी एका कागदावर गिअरपेटीपासून वायपरपर्यंत गाडीचा एकेक अवयव उतरवला. रोग्याचा कागद लिहायच्या तसाच. आणि तो घेऊन आम्ही दोघं जामला गेलो.

दुपारची वेळ होती, दुकानात आम्ही तिघंच. बाई एकेक वाचत गेल्या आणि मिस्त्री मान डोलावत गेला. टायर त्यात धरायचं नाही, बाकी सगळं धरायचं, असं ठरलं. रस्त्यात कुठे बंद पडली तर, असं बाईंनी विचारलं.

"मी येतो ना. जिथं असन तिथं."

"आणि तू नसलास तर?"

मिस्त्री हसला. "मी काऊन नसन, बाई?"

हसताना त्याचं तोंड पुरतं उघडलं नाही. बाईंनी कागद माझ्या हातात दिला. त्याला उजेडाकडे वळवलं, तोंड उघडायला लावलं. दोन बोटंही आत जाईनात. मग जबड्याखाली गळ्याला हात लावला. तिथं आवळ्याएवढी गाठ होती. किती दिवसांपासून आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, दिवाळीपासून असेल, दुखत नाही, तंबाखूनं आली असेल.

बाईंनी रुमालानं हात पुसले. "दोन वर्षांची जिम्मेदारी घेतोस? एक वर्षही काढणार नाहीस तू. उद्याच्या उद्या नागपूरला जा."

मिस्त्रीनं हातातला पाना फडक्यानं पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "वैशाखात पोरीचं लगन हाये, बाई. तवापर्यंत मले काई नाई झालं."

पोरीचं नाव कुसुम. आंजी गावचं घर ठरलं होतं. मुलगा वर्ध्याला एका कचेरीत शिपाई होता. मिस्त्रीनं बाईंना एवढंच विनवलं की लग्न होईपर्यंत हे कोणाजवळ काढू नका. बाई म्हणाल्या, "मी रोग्याचं दुसऱ्याला सांगत नाही." मला त्यांनी काही बजावलं नाही. बजावावं लागेल असं त्यांना वाटलंच नसणार.

त्यानंतर चारच दिवसांनी औषधाची खोकी उतरवून घ्यायला मी जामला गेलो होतो. एस.टी.ला वेळ होता, म्हणून चौफुलीवरच्या हॉटेलात बसलो. तिथं बाईंच्या मोटारीचा विषय निघाला. आमच्या बाई म्हणजे काय चीज आहे हे सांगायची मला हौस होती. मी बाईंचा आवाज काढला, रुमालानं हात पुसले, आणि मिस्त्रीला काय सुनावलं ते जसंच्या तसं करून दाखवलं. चौघं-पाचजण खो खो हसले. एकजण हसला नाही. त्यानं चहा अर्धा टाकला आणि उठून गेला. तो आंजीच्या मुलाचा काका होता, हे मला पुढे कळलं.

पंधरा दिवसांत सोयरीक मोडली. ज्या घरात बाप मरायला टेकलाय तिथली मुलगी केली तर तिची आईही उद्या आमच्याच दारात येईल, असं आंजीवाल्यांनी कळवलं. शिवाय हा रोग रक्तातून उतरतो, असंही कोणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. मिस्त्री दवाखान्यात आला तेव्हा बाहेर बाकावर रोगी होते. तो आत येऊन उभाच राहिला. बोलताना त्याचे शब्द आता जड पडत होते.

"बाई, तुमी शबुद देल्ला व्हता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधाच्या बाटलीला चिठ्ठी चिकटवत होतो. माझी बोटं थांबली तेवढ्यानं त्यांना सगळं समजलं. नाडी बघायलाही त्यांना याहून जास्त वेळ लागायचा.

"हो," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "माझ्याच तोंडून गेलं."

दुसऱ्या दिवशी जामचा बाजार होता. बाईंनी दवाखाना बंद ठेवला, मला शेजारी बसवलं आणि गाडी थेट मिस्त्रीच्या दुकानापुढे नेली. लाल गाडी पाहून माणसं गोळा झालीच. बाईंनी पर्समधून स्टँपचा कागद काढला. मजकूर त्यांनी घरूनच लिहून आणला होता. तो त्यांनी उभं राहून मोठ्यानं वाचला: नथ्थू मिस्त्री या गाडीची दोन वर्षांची जिम्मेदारी घेतो आणि डॉक्टरीणबाई त्याचे पैसे आगाऊ देतात. मग जमलेल्यांकडे बघून म्हणाल्या, "माझी तपासणीत चूक झाली होती. गाठ साधी आहे. दोन वर्षं हा माणूस हलत नाही. नाहीतर मी एवढे पैसे कशाला घातले असते?"

माझ्या आयुष्यात मी बाईंना रोग्याबद्दल खोटं बोलताना ऐकलं ते तेवढं एकदाच. त्यांना ते जमतही नव्हतं. मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

मिस्त्री त्यांच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "खोटं काऊन बोलून राह्यल्या, बाई?"

"सही कर," बाई म्हणाल्या.

त्यानं सही केली. पण त्याचा उपयोग झाला नाही. आंजीवाल्यांनी तोवर दुसरी मुलगी पाहून ठेवली होती.

बाईंनी गाडी परत अल्लीपुरात आणली. दवाखान्यापाशी मी उतरलो तेव्हा त्या समोर बघतच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या जागी मिस्त्रीच्या कुसुमला घेतलंय. मी तोंडावर बोलते, प्रभाकर. तू पाठीमागे बोलून लोकांना हसवलंस. तेवढाच फरक आहे, पण मला तो पुरतो."

मी गेट लावून घरी आलो. आईला मी खरं कारण सांगितलं नाही.

पुढचं मला गावातून कळत गेलं. बाई मिस्त्रीला त्या दोन सीटच्या गाडीतून नागपूरच्या इस्पितळात नेत, गाठीला किरणांचा शेक द्यायला. गाडीत तिसरी जागा नाही, म्हणून त्याची बायको फाट्यावर उभी राहून वाट बघायची. एकदा अल्लीपूरच्या नाल्यात गाडी अडकून बंद पडली. तर तो गळ्याला फडकं गुंडाळून ट्रकमधून आला आणि चिखलात आडवा होऊन ती चालू करून गेला. जिम्मेदारी त्यानं तेवढी एकदाच निभावली. सही केल्यावर आठव्या महिन्यात तो गेला. बाईंना मिस्त्रीनं बुडवलं म्हणून लोक हसले. बाईंनी लोकांना हसू दिलं.

मी हिंगणघाटला औषधाच्या दुकानात लागलो, संसार झाला, सात-आठ वर्षं गेली. एक दिवस कळलं की बाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी गेलो. दार कुसुमनं उघडलं. तिचं लग्न कधी झालंच नाही. सगळा दवाखाना आता तीच बघत होती.

बाई खाटेवर अगदी लहान दिसत होत्या. येताना वाटेत जुळवलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणालो की बाई, माझं चुकलं होतं.

"मला काय सांगतोस? माझं काय गेलं त्यात? बाहेर कुसुम आहे, तिला सांग."

मी बाहेर आलो. कुसुम सुया उकळत होती. तिनं स्टूल पुढे केलं, चहा ठेवला. म्हणाली, "बाई तुमचं नाव घेतेत भाऊ. म्हनतेत, प्रभाकरचा हात हलका व्हता." मग आपणहून म्हणाली, "माह्या लगनाची गोठ बाईच्याच तोंडातून गेल्ती. दोन सालं मी त्यायच्याशी धड बोलली नाई. पोटासाठी येत गेली फक्त. मंग सोडून देल्लं. बिमार मानसावर किती राग धरा?"

बाईंनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती पोरगी समोर अबोला धरून वावरली, तरीही नाही. मी कपातलं सगळं पिऊन टाकलं. चहा फार गरम होता.

निरोप घ्यायला आत गेलो. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही सांगितलंस," त्या म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता. "जा आता. शेवटची गाडी निघून जाईल."

पंधरवड्यानं बाई गेल्या. दवाखाना काही दिवसांत बंद पडला, कुसुम सरकारी केंद्रात मदतनीस म्हणून लागली. महिन्यातून एकदा ती आईची औषधं घ्यायला आमच्या दुकानात येते. मला भाऊ म्हणते, मुलांची चौकशी करते. मी गोळ्या मोजून पुडीत बांधतो, कशी घ्यायची ते सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.