आमच्या चुलीचा हात

हे सगळं आश्रमशाळेतल्या बाईंमुळे झालं, हे आधी लिहून टाकतो. मागाहून लिहायला गेलो तर माझंच पुराण लांबेल आणि बाई राहून जातील. त्यांचं नाव घातलं असतं, पण त्यांनी फोनवर दमच दिला. "भाऊ, लिहायचं तर खुशाल लिहा, पण माझं नाव आलं तर तुमच्या लेकीला गणिताचे जास्तीचे पेपर सोडवायला लावीन." म्हणून नुसतं बाई. त्या लातूरकडच्या. आमच्या रायगडच्या डोंगरात नोकरीला आल्या तेव्हा त्यांनी भाताचं शेत जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे सोयाबीन आणि तूर.

मी ठाकर आदिवासी. आमच्या वाडीवरून कुवेतला आलेला पहिला माणूस मीच, आणि त्यात माझी काही फार हुशारी नाही. मला उंचावर चढता येतं, एवढंच. लहानपणी मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढायचो, शेतात रानडुकरांच्या राखणीला माळा बांधायचो. इथे मीना अल-अहमदीला रिफायनरीत लोखंडी पाइपांचा माळाच बांधतो. टाकीभोवती, चिमणीभोवती आम्ही पाइप नि फळ्या चढवत जायचं, मग वेल्डर आणि पेंटर येऊन त्यावर उभे राहणार. माझ्या बांधलेल्या फळीवर इंजिनिअर चढतात तेव्हा मी खालून बघत असतो. एकही फळी आजवर हललेली नाही. पण जीव असा, की ते खाली उतरेपर्यंत माझा श्वास काही सुटत नाही.

शाळा माझी सहावीपर्यंत. ती कशी सुटली ते सांगायला आधी सावड सांगावी लागेल.

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, कुणी मजूर लावून करत नाही. पाऊस लागला, रोप वर आलं, की सगळी वाडी मिळून आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. प्रत्येक घरानं दोन हात द्यायचे. हात म्हणजे माणूस. तुम्ही माझ्या चिखलात वाकलात की मी तुमच्या चिखलात वाकायचं. हिला सावड म्हणतात. ती कुणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही. ज्या घराचा हात कमी पडतो त्याचं शेत सगळ्यात शेवटी लागतं, तोवर रोप पिवळं पडायला आलेलं असतं.

मी सहावीत होतो त्या पावसाळ्यात बापाचा पाय मोडला. त्याच्या जागी मी उभा राहिलो. गुरुजींनी निरोप पाठवला, तर मी सांगितलं, आवणी झाली की येतो. आवणी झाली, मग तण काढायची बेणणी आली, मग नाचणी, मग राखण. मी शाळा सोडली असं मला आजही वाटत नाही. माझी आवणी अजून व्हायचीच आहे, असं वाटतं.

मी कुवेतला आल्यावर पहिल्या पावसाळ्यात माझ्या जागी बाप उभा राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कमरेनं साथ सोडली. घरात उरल्या दोघीच, बायको आणि मुलगी. मुलगी आश्रमशाळेत राहायची आणि त्या वर्षी दहावीला होती. आमच्या वाडीवर तोवर एकही मुलगी दहावी पास झालेली नव्हती. बऱ्याच जणी दहावीला बसण्याआधीच घरी आल्या होत्या, आणि बहुतेक सगळ्या अशाच एखाद्या पावसाळ्यात.

मे महिन्याच्या सुट्टीला ती घरी आली. जूनमध्ये शाळा उघडली. इथे जूनमध्ये ऊन असं की दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवतात. आम्ही पहाटे कामाला जायचो आणि उन्हं टाळूवर यायच्या आत बसनं खोलीवर परत. आल्या आल्या मी फोन लावला.

"पोर गेली काय शाळेत?"

"नाय," बायको म्हणाली. "रोप कोण उपटंल? मी एकटी दोन हात कुठनं आणू?"

मुलीनं तिच्या हातातून फोन घेतला. "बाबा, तू काळजी नको करू. आवणी झाली की जाते."

हे वाक्य मला पाठ होतं.

मग मी एक शहाणपणा केला. कुवेतमध्ये माणूस कमी पडला की फोरमन एक फोन लावतो, म्हणतो 'याल्ला', म्हणजे चला, आणि बसमधून दुसरा माणूस उतरतो. हेल्मेट तेच, जॅकेट तेच, फक्त आतला माणूस बदललेला. दोन वर्षं तेच बघून माझीही समजूत तशीच झाली असणार. मी बायकोला सांगितलं, खालच्या गावातून एक मजूर लाव आणि पोरीला शाळेत धाड.

मजूर आला. वाडीच्या सावडीत माझ्या चुलतीचा शब्द चालतो. ती बांधावर उभी होती. तिनं त्याला चिखलात पायसुद्धा ठेवू दिला नाही.

"कुणाचा रे तू?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं.

"गाव नाय विचारलं. जेवतोस कुणाच्या चुलीवर? ह्या घरचा हात म्हणून उभा राहतोस, आणि सांजंला पैसं घेऊन निघून जाशील. उद्या ह्यांच्या घरात मयत झालं तर खांदा द्याया येणार हाय काय?" मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, "नवऱ्याला सांग, सावडीत आपल्या चुलीवर जेवणारा हात लागतो. भाड्याचा चालत नाय."

मजुराला चहा पाजून परत धाडलं. बायकोचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "तुमच्या कुवेतचं वारं हिकडं नका सोडू. चारचौघीत मान खाली घालाया लावलीत."

माझ्या खोलीत गुहागरकडचा एक वेल्डर राहतो. त्यानं सगळं ऐकलं होतं. पलंगावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "अरे मेल्या, कोकणातला ना तू? सावडीला मजूर धाडतोस? उद्या सत्यनारायणाला नवऱ्याच्या जागी कुणालातरी भाड्यानं बसवशील." हसला, आणि मग उठून मुकाट्यानं त्यानं चहा टाकला. मला तो प्यायचं सुचत नव्हतं. शुक्रवारी सुट्टी म्हणून तो मला एगैलाच्या मॉलमध्ये गारव्याला घेऊन गेला. तिथे एका दुकानात शाळेची दप्तरं टांगलेली. आमच्या पोरीचं दप्तर घरी खुंटीला टांगलेलं असणार. मी त्याला म्हटलं, चल परत.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बायकोनं आणि मुलीनं इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय.

मूल शाळेत आलं नाही की आधीचे मास्तर निरोप धाडायचे, आणि दोन-तीन निरोपांनंतर तेही बंद व्हायचे. एखादा वाडीवर आलाच तर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा. ह्या बाई शनिवारची शाळा सुटल्यावर टेकडी चढून, वाऱ्यानं मोडलेली छत्री घेऊन आल्या. आमच्या ओटीवर बसून त्यांनी पोरीला विचारलं, "कधी येतेस?"

"आवणी झाली की येते, बाई."

"आवणी कधी होणार?"

"सगळ्यांची झाली की."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्या बायकोला सावडीबद्दल सगळं विचारून घेतलं. मजुराची फजिती ऐकून पोट धरून हसल्या म्हणे. तेवढ्यात ओढा फुगला आणि परतीची वाट बंद झाली. बाई राहिल्या. रात्रीला नाचणीची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. लातूरच्या माणसाला जवळ्याचा वास म्हणजे परीक्षाच. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली.

सकाळी सगळी वाडी चुलतीच्याच शेतात उतरली. रांगेत आमच्या बायकोच्या शेजारी, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, बाई उभ्या.

चुलती म्हणाली, "बाई, तुमी वर बसा. पाय रुततील."

"मी हात आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"ह्यांचा." त्यांनी आमच्या घराकडे बोट दाखवलं. "काल ह्यांच्याच चुलीवर जेवले. सकाळची पेजही तिथलीच. अजून काय लागतंय सांगा."

चुलतीनं बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खाली वाकून रोपाची एक मूठ उचलली आणि बाईंच्या हातात दिली. बस्स. वाडीचा कायदा एवढाच असतो. मूठ दिली म्हणजे हात मानला.

शेजारणीनं त्याचा व्हिडिओ काढला. रेंज यायला खडकावर चढावं लागतं, म्हणून तो मला दुपारी पोचला. आम्ही नुकतेच कामावरून आलो होतो, बुटांतून अजून वाळू झाडत होतो. फोनवर सगळा चिखल, पाऊस आणि मध्ये बाई. रोप लावत मागे मागे जायचं असतं, तर त्या पुढे जाऊन स्वतःच लावलेलं रोप तुडवत होत्या. रांग अशी, की सापसुद्धा त्यापेक्षा सरळ जातो.

बायका सोडतात होय! एक म्हणाली, "बाई, फळ्यावर बी असंच वाकडं लिवता काय?"

"फळ्यावर चुकलं तर पुसता येतंय," बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "इथं कशानं पुसू? माझं कुठं चुकायलंय ते सांगा की!"

"आदी आमच्या पोरांस्नी कसं वाटत असंल ते समजून घ्या," चुलती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. बाई सगळ्यात मोठ्यानं.

वेल्डरनं माझ्या खांद्यावरून वाकून व्हिडिओ परत परत लावायला लावला. "ही बाई कोण तुमची? नात्यातली?"

मी म्हटलं, "हो."

त्या दिवशी संध्याकाळी ओढा उतरला आणि बाई पोरीला बरोबर घेऊन गेल्या. पोर जायला तयार नव्हती. बाई आपल्या जागी वाकणार आणि आपण वर्गात बसणार, हे तिला बरं वाटेना. बाई तिला म्हणाल्या, "मी तुझा हात दिलाय. आता तू अभ्यासाला डोकं दे." पुढे आवणी संपेपर्यंत बाई रविवारी येत, आणि मधल्या दिवसांत शाळा अकराला भरते म्हणून सकाळीच येऊन एक वाफा लावून जात. शेवटी शेवटी त्यांची रांग सरळ यायला लागली, असं चुलती म्हणते. बायको म्हणते, कुठली सरळ, पण भात मात्र चांगलं आलं.

पोरीचा निकाल लागला तेव्हा मी उंचावर होतो. कामाच्या जागी फोन नेता येत नाही, तो गेटवर कपाटात ठेवायचा. निकाल भारतात दुपारी, म्हणजे आमच्याकडे सकाळीच लागणार हे मला माहीत होतं. त्या सकाळी मी प्रत्येक क्लॅम्प दोनदा आवळला. खालून फोरमन ओरडला, "खलास, खलास, हो गया! पूरा दिन लगाएगा क्या?" जेवणाची सुट्टी झाली आणि मी गेटकडे जवळजवळ पळत गेलो.

बायकोनं फोन उचलला तर मागे वाडी गलका करत होती.

"पास," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हंजे? तुमची आय पास झाली! पोर, पोर!"

मी परत विचारलं. तिनं परत सांगितलं. मग फोन चुलतीकडे गेला. तिनं निकालाबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाली, "आयक. ह्या पावसापासनं वाडीनं ठरवलंय. ज्याचं पोर दहावी-बारावीला आसंल त्या घराचा हात पुरा धरायचा, पोर शाळेत बसलं तरी." पोरी शिकवा म्हणत शहाणे लोक कागद घेऊन वर्षानुवर्षं वाडीवर येत राहिले, त्यांना जे जमलं नव्हतं ते वाकड्या रांगेनं केलं.

मुलगी आता तालुक्याला बारावी सायन्सला आहे. तिला नर्स व्हायचंय. मागे पाय मुरगळला म्हणून इथल्या क्लिनिकमध्ये गेलो, तर पट्टी बांधणाऱ्या सिस्टर पुण्याच्या निघाल्या. मी न विचारताच सांगून टाकलं, "आमची मुलगी सायन्सला आहे. ठाकर आहोत आम्ही." एरवी मी हे परक्या माणसाला सांगत नसे. सिस्टर म्हणाल्या, "छान. आमच्या मुलाला मराठीत विचारलं तर तो इंग्रजीत उत्तर देतो. तुमची मुलगी चुलीवरची भाकरी पण करत असेल." मी म्हटलं, करते, आणि आवणीपण. लंगडत बाहेर आलो, पण मान ताठ होती.

काळजी संपलेली नाही. बारावी आहे, मग प्रवेश आहे, लांबचं शहर आहे. दर पावसाळ्यात फोन वाजला की माझा हात आधी छातीवर जातो.

आणि एक राहिलंय. वाडीनं आमच्या शेतात हात दिला, आम्ही वाडीच्या शेतात दिला, तिथली सावड फिटली. पण बाईंनी दिलेला हात आमच्या घरावर आहे आणि तो भाड्यानं फिटणार नाही, हे मला एकदा चांगलं शिकवलं गेलंय. लातूरकडे बाईंच्या आईची थोडी शेती आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढायला येतं, तेव्हा तिकडे माणूस मिळत नाही, असं बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. ते मी धरून ठेवलंय. कंत्राट संपलं की मी आधी घरी जाणार, आणि मग त्या हंगामाला बायकोला घेऊन लातूरला. मी सोयाबीन कधी काढलेलं नाही. माझी रांग वाकडी जाईल, तिथल्या बायका हसतील, हसू देत. आदल्या रात्री बाईंच्या आईच्या चुलीवर जेवीन, सकाळी त्यांच्या शेतात उतरीन. कुणी विचारलं, हा कुणाचा हात, तर बाईंच्या घराकडे बोट दाखवीन.